हिवाळ्यातली मरगळ आणि एसटीची छोटी फेरी (सातारा शहर व परिसर)

वेण्णाकाठ (धागाकर्ता)

दिवाळीला आलेली पोरं-नातवंडं पुण्या-मुंबईला परतली की साताऱ्यातली बरीच घरं एकदम गप्प होतात. त्याच सुमारास थंडी पडते. सकाळचं फिरणं "जरा ऊन येऊ दे, मग बघू" म्हणत पुढे ढकललं जातं आणि जानेवारी उजाडेपर्यंत माणूस दोन खोल्यांत मुक्कामाला आलेला असतो. झोप वाढते, वेळी-अवेळी खाणं होतं, फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही.

यावरचा एक स्वस्त उपाय इथे मांडतो: आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एसटीने जवळच्या गावी जायचं आणि जेवायला घरी यायचं. याला सहल समजू नका. सहलीला उत्साह लागतो आणि इथे तर तोच संपलेला असतो. "मन झालं की जाऊ" असं ठेवलं तर मार्चपर्यंत मन होत नाही. म्हणून वार ठरवायचा, मनाला विचारायचं नाही.

आधी उजेडाबद्दल. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये अमेरिकेत केलं. लंडनला डिसेंबरात दिवस 8 तासांचाही नसतो. साताऱ्यात 21 डिसेंबरलाही दिवस साधारण 11 तासांचा असतो, म्हणजे आपल्याकडे आभाळात काही कमी नाही. आपणच आत बसतो. घरातल्या खोलीत दिवसा 100 ते 300 लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. परदेशात यावर वापरतात तो दिवा 10,000 लक्सचा असतो आणि त्याच्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. आपल्याकडे तेवढं ऊन फुकट आहे, फक्त घरातून निघायला हवं. त्यात आपलं शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे पायथ्याच्या पेठांमध्ये ऊन उशिरा पोचतं. जुना वाडा, खालची खोली, उत्तरेची खिडकी असेल तर बघायलाच नको.

सुरुवातीची फेरी: सातारा ते संगम माहुली. अंतर जेमतेम 5 किमी, कोरेगाव रस्त्यावर. सकाळी 9:30 ते 10 च्या सुमाराची कोरेगावकडे जाणारी साधी गाडी घ्या, पण ती माहुलीला थांबते का हे चढण्याआधी वाहकाला विचारा. उतरल्यावर चालत घाटावर जा. कृष्णा-वेण्णेचा संगम समोर, विश्वेश्वराचं देऊळ शेजारी. अर्धा तास उन्हात बसायचं किंवा रेंगाळायचं आणि परत. सगळं मिळून दोन तास. पहिले दोन आठवडे एवढंच करा. वाढवायचा मोह होतो, वाढवू नका.

निघण्याआधी आणि घरी आल्यावर वहीत एकेक आकडा लिहा, 0 ते 10, मन कसं आहे याचा. पुढे याच आकड्यांवरून कळतं कुठली फेरी लागू पडते आणि कुठली नुसती दमवते.

फलाट_चार

चांगला धागा. एसटीच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण बेत फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. डेपोच्या गाड्या करारावर सहलींना जातात आणि मग गावाकडच्या कमी भारमानाच्या (कमी प्रवासी मिळणाऱ्या) फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात. पौषात पालीच्या खंडोबाची आणि मांढरदेवीची यात्रा असते, तेव्हाही गाड्या तिकडे जादा सोडतात. म्हणून नवख्या माणसाने दिवसाला दोन-तीनच फेऱ्या असलेलं गाव निवडू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने गाडी मिळणारे रस्ते धरा: कोरेगाव, वाई, कराड. एक गेली तर दुसरी येते. मन आधीच खचलेलं असताना फलाटावर दोन तास काढावे लागले तर तो माणूस पुढच्या आठवड्यात निघत नाही.

फलाटावरच्या फळ्यावर लिहिलेली वेळ ही अपेक्षा समजा. आदल्या संध्याकाळी चौकशी खिडकीवर विचारा आणि प्रश्न नेमका विचारा: "उद्या साडेनऊची कोरेगाव आहे का?" नुसतं "कोरेगावला गाडी कधी?" विचारलं तर "लागेल आता" एवढंच उत्तर मिळतं.

सकाळी 7 ते 8:30 आणि दुपारी 12 ते 1 या वेळा पासवाल्या पोरांच्या. गर्दी, दप्तरं, उभ्याने प्रवास. 9:30 ला निघून 11:45 च्या आत परतीच्या गाडीत बसलात तर दोन्ही गर्द्या चुकतात. आणि कोरेगाव रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतातच, वीस मिनिटं जास्तीची धरा.

उन्हाची_खिडकी

कुठल्या बाजूला बसायचं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हिवाळ्यात आपल्याकडे भर दुपारी 12 लाही सूर्य डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे सुमारे 49 अंशांवर असतो. सकाळी 10 वाजता आग्नेयेला. त्यावरून सोपा हिशोब:

कोरेगावकडे जाताना उजवी खिडकी, येताना डावी.
वाईला जाताना उजवी, येतानाही उजवी.
कराडला जाताना डावी, येतानाही डावी.

रस्ता वळतो तिथे ऊन इकडचं तिकडे होतं, पण एकंदरीत हे बरोबर बसतं. उन्हाळ्यात नेमकं उलटं करायचं, हे सांगायला नको.

एक गैरसमज काढून टाकते. काच बंद असेल तर उजेड मिळतो, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत. त्यामुळे "तासभर उन्हात बसलो की बसमध्ये" हे हाडांच्या हिशोबात धरू नका. उतरल्यावरचा अर्धा तास त्यासाठीच हवा, बाह्या वर करून.

घाटमाथा

एवढं सगळं करण्यापेक्षा गाडी काढून कास पठारावर गेलेलं काय वाईट? जागतिक वारसा आहे आपल्या दारात.

वेण्णाकाठ

@घाटमाथा, कासला 2012 मध्ये वारसा दर्जा मिळाला तो तिथल्या वनस्पतींमुळे, आणि फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरची. डिसेंबरात पठारावर वाळलेलं गवत आणि बोचरा वारा. ज्याला ते आवडतं त्याने जरूर जावं, पण मरगळलेल्या माणसाला ओसाड माळावर नेऊन उभं करण्यात मतलब नाही. शिवाय कासवरून बामणोलीकडे जाणाऱ्या फेऱ्या कमी, एक चुकली की वडाप (सीट भरून नेणारी खासगी जीप) शोधत बसा.

स्वतःच्या गाडीचं म्हणाल तर त्यात दोन गोष्टी निसटतात. गाडी आपली असली की निघायची वेळही आपलीच, म्हणजे दहाचे बारा होतात. एसटी थांबत नाही, हाच तिचा गुण. दुसरं म्हणजे बसमध्ये आसपास माणसं असतात पण बोलायची सक्ती नसते. कुणीतरी "जरा सरकून घ्या" म्हणतं, कुणाची पिशवी मांडीवर येते, वाहक सुट्टे मागतो. चार-पाच वाक्यांची देवाणघेवाण आपोआप होते. ज्याला लग्नकार्यात जायचाही धसका वाटतो त्याला एवढी माणसं झेपतात.

मनमोकळी_ओपीडी

या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं शास्त्रशुद्ध लिहिते. वर जे सांगितलंय त्याला उपचारात वर्तन-सक्रियता म्हणतात. नैराश्यात माणूस कामं कमी करतो, त्यामुळे आनंद आणि "जमलं" ही भावना दोन्ही कमी मिळतात, त्यामुळे तो आणखी कमी करतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं. वाटेल तेव्हा करायचं असं नसून ठरलेलं करायचं, वाटणं मागून येतं.

वहीत एक आकडा पुरणार नाही, दोन लिहा: आनंद किती (0-10) आणि जमलं किती (0-10). पहिल्या तीन-चार फेऱ्यांत आनंद 2 च्या वर जात नाही, पण "जमलं" 5-6 येतं. फक्त आनंद मोजणारे लोक इथेच "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. आकडा घरी आल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहा. रात्री लिहिला तर सगळा दिवसच पडेल वाटतो.

ज्यांना बसमध्ये छातीत धडधड, घाम, "आता काहीतरी होणार" असं होतं त्यांच्यासाठी पायऱ्या वेगळ्या. पहिल्या दिवशी स्टँडवर 20 मिनिटं नुसतं बसायचं. गाड्या येऊ-जाऊ द्यायच्या. हे तीन-चार वेळा. मग थांबलेल्या गाडीजवळ उभं राहायचं. मग राजवाडा ते स्टँड एवढीच फेरी, सोबत कुणीतरी. मग तीच फेरी, सोबतीचा माणूस मागच्या सीटवर. मग एकट्याने. मग माहुली. धडधड सुरू झाली की लगेच उतरायचं नाही, कारण उतरल्यावर जो हलकेपणा वाटतो तो मेंदूला शिकवतो की बसच धोक्याची होती. बसून राहिलं तर धडधड आपोआप उतरणीला लागते. हळू श्वास सोडत राहा: आत घ्यायला 4 आकडे, सोडायला 6. मात्र हृदयाचा त्रास असलेल्यांनी ही धडधड घाबरल्याचीच आहे हे आधी डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यावं.

पिवळी_पिशवी

घरातली वडीलधारी मंडळी "मला काय धाड भरलीये, मी कशाला फिरू?" म्हणतात त्यांचं काय करायचं?

मनमोकळी_ओपीडी

"मन रमवायला चला" हे वाक्यच वापरू नका. त्यात तुमचं मन बिघडलंय असं ऐकू येतं. काम सांगा. "आजोबा, कोरेगावचा वाघ्या घेवडा पाव पाव किलो दोन प्रकारचा आणायचाय, तुम्हाला पारख आहे." माणूस कामाला निघतो, फिरायला निघत नाही. काम खरं असावं मात्र. घेवडा घरात पडून राहिला तर पुढच्या वेळी ओळखतात.

आणि परत आल्यावर "बरं वाटलं ना? बघा, मी म्हणत होते" हे तर अजिबात नको.

उन्हाची_खिडकी

+1. शेवटच्या ओळीला तर दोनदा +1.

सुट्टे_द्या

सवलतींबद्दल. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटीत मोफत, 65 ते 75 ना अर्धं तिकीट. 17 मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मूळच जवळ ठेवा, फोनमधला फोटो दाखवून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही. मोफतवाल्यांनीसुद्धा शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचंच. तपासणीस चढला आणि तिकीट नसेल तर सकाळ वाया जाते.

भाडं टप्प्यावर असतं, टप्पा 6 किमीचा. जानेवारी 2025 मध्ये भाडेवाढ झाली 14.95 टक्के, त्यामुळे जुने आकडे धरून सुट्टे नेऊ नका. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या खिशात. यूपीआय बऱ्याच मशीनवर चालतं, पण रेंज नसली की पंचाईत.

तुळस_वृंदावन

गोळ्या चालू असणाऱ्यांसाठी काही गोष्टी, थोडं सविस्तर लिहिते कारण यात चुका महाग पडतात.

स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने बरेच जण, विशेषतः बायका, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मनोविकारावर लिथियम चालू असेल तर हे धोक्याचं आहे, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं. पाणी तोडू नका, त्याऐवजी फेरी लहान करा. निघण्याआधी घरीच स्वच्छतागृहात जाऊन या आणि उतरण्याच्या गावी सोय कुठे आहे हे पहिल्या फेरीतच बघून ठेवा. बीपीची लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असाल तर तिचा जोर पहिल्या काही तासांत असतो. तिची वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून.

झोप आणणाऱ्या गोळ्यांची गुंगी सकाळी 9 पर्यंत राहत असेल तर 9:30 ची गाडी धरायचा हट्ट नको, 10:30 ची धरा. काही गोळ्यांनी उठल्या-उठल्या चक्कर येते. अशांनी थांबा यायच्या आधी दाराकडे जाऊ नये. गाडी पूर्ण थांबू द्यावी, दांडा धरून उठावं, मग चालावं. वाहकाला चढतानाच "जरा सावकाश उतरणार आहे" सांगितलं की तो घंटी लगेच मारत नाही.

शुगरवाल्यांनी नाश्ता करूनच निघायचं आणि खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवायची. शेंगदाण्याची चिक्की पोटाला बरी, पण शुगर खाली आलेली असताना ती हळू चढते, तेव्हा आधी साखर. आणि कंदी पेढा हा औषध नाही, असं इथे लिहून ठेवते कारण कुणीतरी विचारणारच.

फलाट_चार

पेढ्याचं मनाला लागलं.

घाटमाथा

कासचा मुद्दा मागे घेतो. बस लागणाऱ्यांसाठी काही?

तुळस_वृंदावन

पुढच्या अर्ध्या भागात बसा, मागच्या चाकाच्या मागे तर अजिबात नको. फोन बंद, नजर लांब रस्त्यावर. पोट रिकामं नको आणि तुडुंब नको. आलेपाकाची वडी चघळायला. कोरेगाव, कराड हे रस्ते सरळ आहेत; यवतेश्वरचा आणि पसरणीचा घाट सुरुवातीला टाळा. बस लागण्याची गोळी झोप आणते. मनावरच्या गोळ्यांबरोबर ती घ्यायची असेल तर आधी विचारून घ्या.

वेण्णाकाठ

तिसऱ्या आठवड्यापासून कुठे जायचं, ते आता लिहितो.

वाई, सुमारे 35 किमी. स्टँडवरून ढोल्या गणपतीपर्यंत चालत जाता येतं. हे देऊळ 1762 चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी छान ऊन असतं. मेणवलीचा मोह पहिल्यांदा टाळा. अंतर 3 किमीच आहे पण रिक्षा, परतीची वेळ असा गुंता वाढतो.

लिंब, बारा मोटांची विहीर. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली. बघण्यासारखी जागा आहे, पण गाडी गावात सोडते, पुढे शेरीपर्यंत चालावं लागतं आणि विहिरीत उतरायला पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी वरूनच बघावी. आत सावली असते, म्हणजे उन्हाचा हिशोब बाहेरच पुरा करायचा.

सज्जनगड: गाडी वर जाते तरी वाहनतळापासून पायऱ्या आहेतच. फेऱ्या कमी. दुपारचा महाप्रसाद घेतला की परत यायला तीन वाजतात. चौथ्या-पाचव्या आठवड्याआधी नको.

औंध: यमाईच्या डोंगराच्या वाटेवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं संग्रहालय. पूर्ण दिवसाचं काम आहे, आणि सोमवारी बंद. महिन्यातून एकदा ठीक.

कराड सगळ्यात सोपं, कारण गाड्या भरपूर. पण 50 किमी आहे आणि महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामामुळे सेवा रस्त्यांवर वेळ जातो. विनाथांबा गाडी घ्या. प्रीतिसंगमावर (कृष्णा-कोयनेच्या संगमावर) झाडं, बाकं, सपाट जमीन, सगळं आहे.

एक नियम सगळीकडे: उतरल्याबरोबर तिथल्या चौकशीत परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारायच्या आणि पहिलीने यायचं. दुसरी राखीव.

पिवळी_पिशवी

कपडे? सकाळी गारठा, दुपारी घाम.

उन्हाची_खिडकी

एक जाड स्वेटर नको, दोन पातळ थर घाला. कान झाकलेले हवेत, पुढच्या माणसाची काच कधीच पूर्ण बसत नाही. त्या फटीतून येणारा वारा नेमका कानशिलावर बसतो. खडखडणाऱ्या काचेत तिकीट घडी करून खोचायची जुनी युक्ती आहे, पण तिकीट तपासणीसाला दाखवायचं असतं हे लक्षात ठेवा. जुना कागद खोचा. पिशवी अशी घ्या की स्वेटर काढून त्यात बसेल. सकाळी मफलर सीटवर विसरणारे निम्मे लोक याच कारणाने विसरतात.

मनमोकळी_ओपीडी

थोडं गंभीर लिहिते. बसफेरी हा जोड-उपाय आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर बसबिस नंतर, आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. अशा वेळी त्या माणसाला एकट्याने नदीकाठी, घाटावर पाठवू नका. वरच्या यादीतली निम्मी ठिकाणं पाण्याकाठची आहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरी बाजूही सांगते. ज्यांना द्विध्रुवी (बायपोलर) विकार आहे त्यांच्यात सकाळचा भरपूर उजेड आणि वाढलेली धावपळ कधीकधी उलट टोकाला नेते. झोप तीन-चार तासांवर आली, तरी थकवा नाही, रोज फेरी, एका दिवसात वाई आणि कराड दोन्ही, खरेदी वाढलेली, असं दिसलं तर घरच्यांनी "वा, सुधारणा" म्हणून टाळ्या वाजवू नयेत. डॉक्टरांना फोन करावा.

सुट्टे_द्या

फेरी रद्द झाली तर त्या दिवशी काय करायचं? घरी परत?

वेण्णाकाठ

घरी परत नाही. अर्धा तास थांबा, त्यात त्या दिशेची कुठलीही गाडी मिळाली तर घ्या. नाहीच मिळाली तर स्टँडवरून चालत पोवई नाका, तिथून राजवाडा, गोल बागेला वळसा आणि घर. वहीत त्या वारासमोर "रद्द" न लिहिता "चालत" लिहा आणि दोन आकडे तिथेही टाका. वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जायचं मात्र टाळा. ती भरल्याशिवाय निघत नाही, म्हणजे वेळेचा सगळा हिशोब गेला, आणि परतीला मिळेलच असं नाही.

फलाट_चार

एक पुरवणी: राजवाड्याकडून जाणाऱ्या लोकल गाड्या संध्याकाळी 5:30 नंतर गच्च असतात. डिसेंबरात 6 ला अंधारतं. ज्यांच्या डोळ्यांना अंधुक उजेडात त्रास होतो त्यांनी दुपारची फेरी केलीच तर 4 च्या आत परत फिरावं.